एकेचाळीस नंबरची काच

काळोख्या खोलीचे नियम घुबडांनी घालून दिलेले आहेत. आत आल्यावर पाच मिनिटं नुसतं बसायचं, डोळे सरावू द्यायचे. मग दिवा लावायचा. एका काचेला तीन मिनिटं, वर एक सेकंद नाही. जे दिसलं त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, शून्य, एक, दोन किंवा तीन. चिठ्ठीची घडी पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि तोंड बंद ठेवून बाहेर पडायचं.

त्या मंगळवारी मी यातला शेवटचा नियम तेवढा पाळला. तोंड बंद ठेवलं.

घुबड म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ, सगळ्यात जुने तंत्रज्ञ. तीस वर्षं काळोखात काचा वाचून त्यांना उजेडाची सवय राहिलेली नाही, बाहेर आले की डोळे मिचकावत भिंतीच्या कडेने चालतात. हे नाव त्यांना माहीत आहे, आणि माझा अंदाज असा की आवडतंही. तोंडावर मी त्यांना दादा म्हणते. मला सगळे मावशी म्हणतात, कारण मी इथे आले ती नळ्या धुवायला. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांनी एकदम बघायची सोय आहे. जेवणाच्या सुट्टीत घुबड मला दुसऱ्या बाजूला बसवायचे आणि विचारायचे, "काय दिसतं?" पहिली दोन वर्षं मी "छान दिसतं" एवढंच सांगत होते. पुढे हळूहळू दिसायला लागलं. शाळेत जे डोक्यात गेलं नाही ते डोळ्यांतून गेलं म्हणायचं. आता नऊ वर्षं झाली, काचा आम्ही दोघंच वाचतो.

काम ऐकायला विचित्र आहे. उंदराच्या पोटाचे, यकृताचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर बसवलेले असतात. त्यांच्यावर रोग्याच्या रक्तातलं पाणी सोडायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर राहतं ते. आता शरीराने हत्यारं करायची ती बाहेरून आलेल्या जंतूविरुद्ध. पण कधीकधी भांडणाच्या भरात ते आपल्याच पेशींवरही हत्यारं उगारतं. डॉक्टर त्यांना मोठं नाव देतात, मी घरभेदी म्हणते. रक्तात घरभेदी असले तर ते त्या कापाला जाऊन चिकटतात. वरून चमकणारा रंग घातला की जिथे ते चिकटलेत तिथे निळ्या दिव्याखाली हिरवं पेटतं. नसले तर काळं. काम एवढंच. हिरवं की काळं, आणि हिरवं असेल तर किती.

या रंगाची एक खोड आहे. निळ्या उजेडात जास्त वेळ ठेवला की तो विझत जातो. म्हणून तीन मिनिटं. बघणाऱ्यानेच बघून बघून संपवायचं, अशी ती वस्तू.

आमच्या डॉक्टरबाई दोन वर्षांपासून ब प्रकारच्या काविळीच्या मागे लागल्या होत्या. ज्यांना ती नुकतीच झाली आहे त्यांचं रक्त घ्यायचं, घरभेदी बघायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेऊन विषाणू गेला की मुक्कामाला राहिला ते तपासायचं. राहिला तर तो जन्माचा सोबती होऊ शकतो, यकृत पोखरत बसतो. बाईंचा होरा असा होता की सुरुवातीलाच ज्यांच्या काचा हिरव्या पेटतात त्यांचं शरीर त्वेषाने भांडत असणार, म्हणजे त्यांच्यातला विषाणू जाणार. "पण हा नुसता होरा आहे हं मावशी," त्या दर वेळी बजावायच्या. "उलटंही निघेल. काहीच निघणार नाही असंही होईल." आणि असं म्हणताना हातातलं पेन टकटक टकटक आपटत राहायच्या.

होऱ्याचं काय, तो दुसऱ्याच्या घरातला असतो तोवर होरा असतो.

माझी धाकटी बहीण बस चालवते. चौदा नंबरची, मोठी, लाल. आम्ही दोघीच राहतो. अडतीस वर्षांची बाई, पण एका जागी बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. जेवतानासुद्धा तिचा पाय ब्रेकवर असल्यासारखा हलत असतो. पंधरा दिवस तिला अन्न नकोसं झालं होतं आणि मी "उन्हाने होतं" म्हणत होते. मी. जिच्या हातून काविळीच्या नळ्या जातात ती. शेवटी बसमधल्या कुणा म्हाताऱ्याने उतरताना तिला सांगितलं, "ड्रायव्हरबाई, तुमचे डोळे हळदीसारखे झालेत." घरी येऊन ती आरशासमोर उभी राहिली आणि मला हाक मारली. "ताई, हा रंग तुझ्या खात्यातला आहे का गं?"

तपासणीत ब निघाला. कुठून आला ते कळलं नाही. वर्षापूर्वी कुठेतरी दात काढून घेतला होता, तेवढंच तिला आठवलं, आणि या विषाणूच्या हिशेबाने तेही फार जुनं. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की मोठ्या माणसांत शंभरातले नव्वद-पंचाण्णव जण आपले आपण बरे होतात, औषधही लागत नाही बहुधा. धाकटी खूश झाली. मी नाही झाले. उरलेल्या पाचांत जायचं असेल तर आमची धाकटी रांगेत पहिली असते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. गोवर हिलाच, कुत्रा चावला हिलाच, चांगल्या घरचा म्हणून आलेला नवरा पळून गेला तोही हिचाच.

डॉक्टरबाईंनी तिला अभ्यासात घेतलं. तिने सही केली. सुई टोचली तेव्हा मी शेजारीच होते, तिचा हात धरून. त्या दिवशी अभ्यासासाठी दुसरं कुणीही आलं नव्हतं, आणि आदल्या दिवसाचा शेवटचा नंबर चाळीस होता.

म्हणजे मंगळवारी रॅकमध्ये एकेचाळीस नंबरची नळी दिसली तेव्हा ती कुणाची हे ओळखायला काही डोकं लागत नव्हतं. नियम साफ आहे. नळी ओळखीच्या माणसाची असली तर वहीत "ओळखीचा" लिहायचं आणि बाजूला सरकायचं. पेन माझ्या खिशात होतं. वही समोर होती.

मी दिवा लावला.

आधी काळं दिसलं. मग कडेला काहीतरी वाटलं. पोटाच्या स्नायूचा थर असतो, तिथे बारीक रेघ. हिरवी? मी काच सरकवली, दुसऱ्या बाजूने बघितलं. तिथेही वाटलं. डोळे मिटले, उघडले. काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, परत आणली, पुन्हा नेली. शर्टाची बाही कुरतडायची माझी सवय शाळेत सुटली होती, ती त्या दिवशी परत आली. पेट गं, मी मनात म्हणत होते, पेट एकदाची. आणि ती रेघ खरोखरच उजळत गेल्यासारखी वाटली. मी चिठ्ठीवर "दोन" लिहिलं. खाडाखोड नाही, अक्षर अगदी सुंदर. घडी केली, डब्यात टाकली आणि बाहेर येऊन दोन कप चहा प्यायले, एकापाठोपाठ एक.

घरी धाकटी खिडकीत बसली होती. रजेवर असल्यापासून तिचा तोच उद्योग. "चौदा चार मिनिटं उशिरा. नवा पोऱ्या आहे, सिग्नलला घाबरतो." तिच्या चेहऱ्यावर बघताना माझं लक्ष डोळ्यांतल्या पिवळ्याकडेच जायचं. ते तिला कळायचं.

"काय गं, आज माझं काही वाचलंस?"

"नंबर असतात नुसते. कुणाचं काय ते कळत नाही."

"असं होय," ती म्हणाली, आणि परत रस्त्याकडे बघायला लागली. मी तिला भेंडी चिरून दिली, कोशिंबीर कालवून दिली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मग तोच तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला. शेवटी तीच म्हणाली, "ताई, बस ना जरा. तुझ्याकडे बघूनच मला दम लागतोय."

गुरुवारी डबा उघडायचा असतो. घुबड चिठ्ठ्या जोड्या लावून ठेवतात, मी वहीत उतरवते. पस्तीस ते चाळीस सगळ्या जुळल्या. एकेचाळीसची माझी दोन. घुबडांची शून्य.

एकाचा फरक पडतो कधीकधी, त्याला आम्ही खालचा आकडा धरतो. दोनचा फरक नऊ वर्षांत पडला नव्हता.

 घुबड उठून काळोख्या खोलीत गेले. त्या दिव्याला जळाल्याचा वेळ मोजायचा आकडा आहे, कारण दिवा महाग आणि ठराविक तासांनी बदलावा लागतो. घुबड रोज सकाळ-संध्याकाळ तो टिपून ठेवतात. बाहेर येऊन त्यांनी डोळे मिचकावले.

"पोरी, मंगळवारी काचा किती होत्या?"

"सात."

"सातांचे तीन तीन, एकवीस. दिवा जळालाय एकाहत्तर मिनिटं." ते खुर्ची ओढून माझ्या समोर बसले. "एका काचेला पन्नास मिनिटं जास्तीची. बघत होतीस की लग्न जुळवत होतीस?"

मला हसायला यायला पाहिजे होतं. डोळ्यांना पाणी आलं. मग सांगितलं सगळं. हात धरला होता इथपासून.

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "तुझ्यानंतर, बुधवारी, मी बघितलं तेव्हा काच काळी होती. आता ती मुळात काळी होती, की तू पन्नास मिनिटं दिवा धरून विझवलीस, ते देवालाही सांगता यायचं नाही. माझं शून्य गेलं बाराच्या भावात. तुझं दोन तर त्याच्या आधीच गेलं."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नियम मोडला हे कळत होतं, पण मी ती रेघच खाऊन टाकली असेन हे नाही. माझ्या बहिणीच्या बाजूने एक साक्षीदार उभा असेल तर त्याला मीच बघून बघून मारलं. आणि नसेल, तर मी डोळे फाडून खोटा उभा केला. दोन्हीतलं कुठलं बरं, यावर मी जिना उतरताना विचार करत होते आणि एक पायरी चुकले.

डॉक्टरबाईंना सांगायला मीच गेले. घुबड म्हणाले होते, "मी येतो सोबत," पण मी नको म्हटलं. त्या उभ्याच होत्या, एका हाताने फोन, दुसऱ्याने कागद. ऐकत गेल्या तसं पेन आपटायचं थांबलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मावशी, तुम्ही वहीत 'ओळखीचा' एवढं लिहायचं होतं. एक शब्द."

"हो."

"आणि असे आणखी किती?"

"एकही नाही. पण तुम्ही म्हणाल तर माझे सगळे चाळीस पुन्हा वाचून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान मुलगी, पण त्या वेळी मला आईसमोर उभं असल्यासारखं वाटलं. "घेणारच आहे," त्या म्हणाल्या. "सगळे. बाहेरच्या दोन माणसांकडून. एकेचाळीसचं रक्त उरलंय थोडं, त्याची नवी काच करू. तुम्ही त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. आणि काय निघालं ते अभ्यास संपून सगळे आकडे उघडेपर्यंत तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही." मग, "बहिणीची भूक कशी आहे आता?"

"काल दोन पोळ्या."

"मग काचा सोडा, पोळ्या मोजा."

चाळीस काचा नव्याने करून बाहेरच्यांकडून वाचून घ्यायच्या म्हणजे महिन्याचं काम, माझ्यामुळे. तो महिना मी नळ्या धुतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. घुबड जाता-येता म्हणायचे, "ही बाटली चमकत नाहीये, पन्नास मिनिटं बघ हिच्याकडे."

धाकटीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पाय हलत होता.

"म्हणजे मी हिरवी की काळी?"

"माहीत नाही."

"आणि हिरवी असले तर बरी होणार हे नक्की?"

"तेही माहीत नाही. बाईंचा होरा आहे."

"अगं मग तू डोळे फोडून घेतलेस ते कशासाठी?" ती चिडली ते मात्र खरं चिडली. "मी तुझ्यासमोर बसलेय, पिवळीधमक, जिवंत. मला विचार ना, बाई गं, कसं वाटतंय, म्हणून. तू माझं पाणी नळीत घालून त्या उंदराच्या पोटाला विचारत बसलीस!"

मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "आता तांब्या इकडून तिकडे करू नकोस."

मी बसले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकदम बसलो होतो. तिचा पाय हलत होता, माझी बाही तोंडात होती, पण बसलो होतो.

पाचव्या आठवड्यात तिचे डोळे निवळायला लागले. सातव्यात डेपोच्या डॉक्टरांनी तिला कामावर घेतलं. पण कावीळ उतरणं वेगळं आणि विषाणू जाणं वेगळं. तिसऱ्या महिन्यात रक्त दिलं तेव्हा विषाणूच्या कवचाचा तुकडा रक्तात होताच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कमी होतोय, वाट बघा." वाट बघणं हे त्यांना तरी कुठे जमत होतं. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या निमित्ताने त्या मला गाठून विचारायच्या, बहीण थकते का, झोपते का, आणि मी उत्तर देईपर्यंत दाराबाहेर गेलेल्या असायच्या. मी आणि धाकटी, आम्ही आमची वाट वाटून घेतली. सोमवार ते बुधवार काळजी तिने करायची, गुरुवार ते शनिवार मी. रविवारी दोघींना सुट्टी. ही तिची कल्पना. ड्यूटी लावल्याशिवाय तिला काही सुचत नाही. मी माझ्या पाळ्या चोख केल्या, आणि तिच्याही.

सहा महिने भरले त्या सोमवारी तिने ड्यूटीच्या आधी येऊन रक्त दिलं. मी सुईपाशी गेले नाही. वहीत स्वतःहून "ओळखीचा" लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि खालून दोनदा रेघ ओढली. हे काम यंत्राचं असतं, डोळ्यांचं नाही, तरी मी मजला सोडून खाली गेले. फाटकापर्यंत गेले, परत आले. फळवाल्याकडून एक पेरू घेतला, खिशात ठेवला, पुन्हा जाऊन दुसरा घेतला. फळवाला म्हणाला, "ताई, एकदम घ्या ना हवे तेवढे."

अकराच्या सुमाराला घुबड भर उन्हात बाहेर आले. त्यांना उन्हात मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांवर हात धरून, चाचपडत, पायऱ्यांशी थांबून ते ओरडले, "पोरी, कुठे आहेस तू?"

"इथे! इथे आहे!"

"गेला. कवचाचा मागमूस नाही. आणि त्याच्याविरुद्धची हत्यारं आलीत, भरपूर. खरी, घरभेदी नव्हेत. यंत्र दोनदा चालवलं, बाईंनी स्वतः बघितलं." मग आवाज खाली आणून, "आणि अभ्यास आज उघडला. तुला ऐकायचंय का?"

मी मान हलवली. ते त्यांना दिसलं नसणार, पण सांगितलं.

"एकेचाळीस. शून्य. बाहेरच्या दोघांचंही शून्य. नव्या काचेवर काही म्हणजे काही नाही."

"मग मी बघितलं ते काय होतं?"

"पाऊण तास काळोखात बसलं की कशालाही कडा फुटतात," ते म्हणाले. "मला पहिल्या वर्षी एका काचेत माझी आजी दिसली होती."

वर डॉक्टरबाईंनी मला बघितल्याबरोबर मिठी मारली आणि मिठीतच म्हणाल्या, "माझा सगळा आलेख वाकडा केला तुमच्या बहिणीने. काळी काच आणि विषाणू गायब. अशा आणखी नऊ आहेत." हसत होत्या, आणि मागे हात नेऊन माझ्या पाठीवर पेन आपटत होत्या. होरा त्यांचा होता, दोन वर्षांचा. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं मला कुठे टिकवून धरता येत नव्हतं.

धाकटीला फोन करून उपयोग नव्हता, गाडीवर असताना ती उचलत नाही. मी रस्त्यावर आले, थांब्यावर उभी राहिले. चौदा नंबर चार मिनिटं उशिरा आली. आली तशी दार उघडलं, माझ्या मागे माणसं होती, वर ती होती, स्टिअरिंगवर दोन्ही हात. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चेहरा दगडासारखा केला.

"बोल पटकन. मागे गाड्या आहेत."

"गेला."

तिने पुढे बघितलं. सिग्नल हिरवा होता, गाड्या हॉर्न वाजवत होत्या, माझ्या मागची बाई म्हणत होती, "अहो, चढा तरी नाहीतर बाजूला व्हा." धाकटीने एकदा नाक पुसलं, मनगटानेच.

"चढ आधी," ती म्हणाली. "दार बंद करायचंय."

मी तिच्या मागच्याच सीटवर बसले. खिशातले पेरू टोचत होते. वरच्या आरशात तिचे डोळे दिसत होते, पांढरे, अगदी दुधासारखे, कडेला थोडे लाल. मी बघत राहिले. एक थांबा गेला, दुसरा गेला. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"टक लावून काय बघतेस गं?" आरशातून आवाज आला. "उतरवीन खाली."